नजूदचे पहिले पाहुणे

सब्बाहने लेकीला अट घातली तीच अशी की घरात कुणाला हसू आवरेना.

"आम्ही चौघं पाहुणे. मी, तुझी आई, आजी आणि तुझी धाकटी बहीण घालिया. आम्हाला घळीतून दगडी पुलापर्यंत ने, चहा पाज आणि धडधाकट परत आण. जमलं तर गाइड म्हणून बायकांचे गट घेऊन जायची परवानगी. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दगडी पूल म्हणजे वाऱ्या-वाळूने कोरलेली खडकाची कमान; तिथली वाट शेळ्यांनीही जांभया देत चालावी इतकी सोपी. आजीबरोबर शेळ्या चारत नजूद तिथेच लहानाची मोठी झाली होती. तरी एकोणीस वर्षांची ती पोर सकाळपासून पिशवीतलं चहाचं सामान पुन्हा पुन्हा तपासत होती. बाबा कुठेतरी खोडा घालणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एकच, "तुला कुणाला नाही म्हणता येत नाही." आणि यात खोटं काही नव्हतं. मागच्याच महिन्यात एका पाहुणीने तिच्या हातातल्या चांदीच्या कड्याचं कौतुक केलं, तर हिने ते तिथल्या तिथे उतरवून तिच्या मनगटात घातलं. कडं पणजीचं होतं. पण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हे याच घराने तिला बोलता येण्याआधी शिकवलेलं. आता घरचेच त्यावर बोट ठेवत होते!

जीपमधून उतरल्या उतरल्या नजूदने घसा साफ केला. "पाहुणे मंडळी, सगळ्यांनी माझ्या पावलावर पाऊल टाकत यायचं."

सब्बाहने कुणा परदेशी माणसाची विसरलेली गवती टोपी डोक्यावर चढवली आणि पाहुण्याचं सोंग असं काही वठवलं की बघत राहावं.

"गाइडबाई, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?"

"पुढच्या डोंगरात आहे साहेब. सध्या बंद आहे."

"आणि हे खडक लाल कसे? रंग कोणी दिला?"

"माझ्या आजीने. दर ईदला एक हात मारते."

आजी लेकाच्या मागून काठी टेकत येत होती. ती म्हणाली, "गाइडबाई, हा आगाऊ माणूस कुणाचा गं? याच्या आईने याला काही वळण लावलं नाही वाटतं?"

आठ वर्षांची घालिया हसून हसून वाळूतच बसली.

सब्बाहला सोंग जमलं, पण मागे राहणं काही जमेना. वीस वर्षं गाइड म्हणून लोकांच्या पुढे चाललेला माणूस तो. दर दहा पावलांवर आपला डावा पाय ओढत ओढत तो नजूदच्या पुढे जायचा आणि नजूद म्हणायची, "साहेब, मागे." एकदा तो अडखळला तशी आजी कडाडली, "त्या उंटाचं वाटोळं होवो! माझ्या लेकराचा पाय मोडला मेल्याने!" बारा वर्षांपूर्वी उंटाने सब्बाहला पाडलं होतं, आणि आजीने त्या उंटाला अजून माफ केलेलं नव्हतं.

पुलाखाली सावली होती. नजूदने काटक्या पेटवून चहा ठेवला, आईने राखेत रोटी भाजली. सगळं इतकं छान चाललं होतं की बाबा खोडा घालणार हे नजूद विसरूनच गेली. तेवढ्यात सब्बाह उठला.

"मला पुलावर जायचंय. वरून फोटो हवा."

"आज नको साहेब. परवा पाऊस झालाय. खडक ओला आहे."

"ओला? अगं, हात लावून बघ. ठणठणीत कोरडा आहे."

"वरून कोरडा. आतून नाही." नजूदने खडकाच्या बुडाशी नख घासलं. नखाला ओली वाळू चिकटून आली. "तीन दिवस शेळ्याही यावर चढत नाहीत. आजीनेच दाखवलंय मला. धरलेला दगड रोटीच्या कडेसारखा तुटून हातात येतो."

"मी इतक्या लांबून आलोय. पुन्हा कधी येणं होणार? तुझा पाहुणा आहे मी. पाहुण्याला नाही म्हणतेस?"

हसणं थांबलं. त्याच्या आवाजात आता सोंग आहे की राग, ते नजूदला कळेना. त्याने टोपी घट्ट केली आणि खडकाच्या भेगेत पाय रोवला.

"अहो, पुरे झालं आता," आई म्हणाली. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

पाहुण्याला नाही म्हणणं एक वेळ जमलं असतं. बाबांना नजूद जन्मात कधी नाही म्हणाली नव्हती. ती धावली आणि तिने दोन्ही हातांनी त्याची बाही धरली.

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. साहेब असाल नाहीतर बाबा असाल, खाली उतरा. रागवा माझ्यावर. परवानगी देऊ नका. पण इथे मी तुम्हाला चढू देणार नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

सब्बाहने पाय खाली घेतला. टोपी काढून तो खडकाला टेकून बसला आणि डावा गुडघा चोळत राहिला.

"बारा वर्षांपूर्वी एक म्हातारा पाहुणा इथेच हट्टाला पेटला होता," तो म्हणाला. "आदल्याच दिवशी पाऊस झालेला. मला सगळं कळत होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, आधी मीच चढून बघतो. दगड हातात आला."

मग घालियाने विचारलं, "आणि उंट?"

"उंट बिचारा खाली चरत होता."

"अरे मेल्या!" आजीने काठी उगारली. "बारा वर्षं त्या मुक्या जिवाला शिव्या घातल्या मी! विकून टाकला त्याला!"

"गाइड असून ओल्या खडकावरून पडलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो, आई?"

आईने चहाचा पेला त्याच्या हातात कोंबला. तिचे डोळे भरले होते. नजूद त्याच्या शेजारी बसली. आजवर तिला बाबांची भीती वाटायची, आदर वाटायचा. त्या दुपारी तिला त्यांच्याविषयी नुसती माया वाटली. परवानगीचं विचारायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

परतताना घळीत मऊ वाळू लागली. सवयीने "साहेब, मागे" म्हणायला नजूद वळली आणि तिथेच थांबली. सब्बाह मागेच होता. मान खाली घालून, ओढता पाय उचलून उचलून, तो तिच्या एकेका ठशात नेमका ठेवत येत होता.

"पुढे बघा, गाइडबाई," मान वर न करता तो म्हणाला. "उद्या बायकांचा गट असेल मागे. असं थांबून कसं चालेल?"