शमुवेलरावांच्या शेजारची जागा

एस्तेरबाईंनी छत्रीच्या टोकानं स्वतःच्या कबरीच्या जागेभोवती रेघ ओढली आणि ज्योतिबाला म्हणाल्या, "इथं खण."

ज्योतिबानं खांद्यावरची कुदळ उतरवली नाही. ही जागा शमुवेलरावांच्या शेजारची. नवऱ्याला माती दिली त्याच दिवशी बाईंनी ती स्वतःसाठी राखून ठेवली होती. आणि बाई तर समोर धडधाकट उभ्या.

"कुणासाठी, बाई?"

"तबिथाच्या करुणासाठी. तिला घेऊन गाडी मिरजेहून निघालीय."

शिवणकाम करणाऱ्या तबिथाची ही एकुलती एक लेक. दोन वर्षं तिचं मन आजारी होतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आईचे उपास झाले. उन्हाळाभर एस्तेरबाई रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसत. आयुष्यभर नर्स म्हणून काढलेल्या बाईंना दुखणं ओळखता येत होतं, पण याला पट्टी कुठं बांधायची ते कळत नव्हतं. काल करुणानं आपणच आपला जीव संपवला. आज सकाळी चर्चच्या मंडळीच्या पंचांनी ठरवलं, असं मरण आलेल्याला दफनभूमीच्या भिंतीआत जागा नाही आणि पाळकांची प्रार्थनाही नाही. भिंतीपलीकडं वेड्या बाभळीत पुरायचं.

ज्योतिबानं पहिला घाव घातला, तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. तरुण पाळकांच्या मागून नानासो आवळे उतरले. पंचांमध्ये सगळ्यांत जुने.

"सिस्टर, हे काय चालवलंय तुमी?"

"माझी जागा तिला देतेय."

"ती तुमच्यापुरती हाय. दुसऱ्याला देता येत न्हाई."

"मग मी मेले असं समजा."

"आन् तुमची वेळ आली म्हंजे?"

"मला ठेवा बाभळीत. तुम्हाला काय, एक मढं आत आणि एक बाहेर. हिशेब तोच."

पाळक मध्ये पडले. "आई, ठराव झालाय. माझे हात बांधलेले आहेत."

"हात राहू द्या बांधलेले. तोंड मोकळं आहे ना?"

एस्तेरबाई नानासोंकडे वळल्या.

"कावीळ होऊन गेली असती तर तुम्हीच पुढं होऊन पेटीला खांदा दिला असता. हिचं दुखणं डोक्यात होतं, एवढाच हिचा गुन्हा? ज्याच्या नावानं आपण दर रविवारी जमतो, त्यानं कुठल्या आजाऱ्याला दारातनं परत लावलं होतं?"

"नियम मी केला न्हाई, सिस्टर."

"पाळताय तर तुम्हीच."

नानासोंचा आवाज चढला. "पाळणार! माझा थोरला भाऊ त्या बाभळीत हाय, म्हाईत हाय न्हवं? असाच गेला. माझा बाप पंच हुता. त्यानं सोताच्या हातानं पोराला भायेर ठिवलं. नियम म्हंजे नियम. आन् आज हिला आत घेतलं, तर मग माझ्या बापानं काय केलं, सांगा की!"

ज्योतिबाची कुदळ थांबली.

"खण रं," एस्तेरबाई हळू म्हणाल्या. त्यांनी छत्री मिटली आणि रेघेच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. नानासोंना अडवायचंच असतं तर आधी बाईंना हात धरून ओढावं लागलं असतं. नानासोंनी ते केलं नाही. ते जाऊन फाटकाशी उभे राहिले.

गाडी आली. मंडळीतल्या बायकाच जास्त होत्या. त्यांनीच पेटी उतरवली आणि फाटकातून नानासोंच्या समोरून आत आणली. नानासोंनी वाट दिली नाही, पण अडवलीही नाही.

पेटी खाली गेली तेव्हा तबिथा काठावर बसली. तिनं वर पाहिलं ते थेट पाळकांकडे.

"साहेब, माझ्या पोरीला घेईल का हो तो?"

पाळक तिच्याशेजारी मातीत गुडघ्यांवर बसले आणि पुस्तक न उघडताच प्रार्थना करू लागले. आवाज फाटकापर्यंत पोचत होता.

माती देऊन झाली. बायका तबिथाला धरून घेऊन गेल्या, पाळक त्यांच्याबरोबर गेले. एस्तेरबाई शमुवेलरावांच्या दगडावर टेकल्या. नानासो जवळ आले.

"सिस्टर," ते म्हणाले, "चाळीस वर्सांनी हाडं हलवता येत्यात का?"

एस्तेरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्या या माणसाशी भांडत होत्या. आता त्यांना त्याचं वय दिसलं.

"हाडं कशाला हलवायची, नानासो? भिंत तर आपणच बांधलीय."

भिंत कमरेएवढीच होती. नानासोंनी चपला काढून ठेवल्या, धोतर आवरलं, आणि ज्योतिबाच्या खांद्याचा आधार घेत पलीकडे उतरले.