बेबेचा अखंड पाठ

माझ्या धाकट्या मुलीचं, चरनोचं लग्न झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. म्हणजे साल अठ्ठ्याण्णव, महिना माघ. माझी पन्नाशी उलटली होती आणि वाचायला येऊ लागून दोन वर्षं झाली होती.

अक्षरं मला बेबेनं शिकवली. बेबे म्हणजे बिशन कौर, गावातल्या मोठ्या जाट घरातली म्हातारी. आम्ही मजहबी, खालच्या मानलेल्या जातीतले. शीख तेही, शीख आम्हीही, पण गावात गुरुद्वारे दोन आणि स्मशानंही दोन. बेबेच्या गोठ्यातलं शेण काढायचं काम आधी माझ्या सासूकडं होतं, मग माझ्याकडं आलं. बेबेची नजर गेली तेव्हा तिला संध्याकाळचा पाठ वाचून दाखवायला घरात कुणी मिळेना. मुलगा जगरूप शेतावर, सुनेला टीव्ही सुटत नव्हता, नात इंग्रजी शाळेतली. एक दिवस मी शेणाची पाटी उचलत होते, तर बेबे बाजेवरून म्हणाली,

"तेजो, तुला अक्षरं येतात का गं?"

"मला म्हशी मोजता येतात, बेबे."

"मग झालं तर. गुरुमुखीची पस्तीसच अक्षरं आहेत. माझ्या म्हशींपेक्षा जरा जास्त."

दोन वर्षं लागली. ती बाजेवर, मी खाली. तिला सगळं तोंडपाठ होतं. ती म्हणायची आणि मी पोथीत बोट फिरवायचे. चुकलं की काठी बाजेच्या पायावर वाजायची. "जीभ जड आहे तुझी. शेण काढतेस तशी वाचू नकोस, ओढून ओढून." माझा चहा गोठ्याच्या कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यात यायचा. गुरूच्या घरी जात-पात नसते असं बेबे मला समजावून सांगायची आणि तेव्हाही माझा पेला त्या कोनाड्यातच असायचा.

त्या माघात बेबेनं अंथरूण धरलं. डॉक्टरनं जगरूपला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. जगरूपनं घरी अखंड पाठ ठेवायचं ठरवलं. ग्रंथसाहिब पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न थांबता वाचायचा, दोन दिवस, दोन रात्री. पाठी, म्हणजे वाचणारे, बारी-बारीनं बसतात. एक उठायच्या आधी दुसरा शेजारी बसतो, त्याच्याबरोबर तीच ओळ उचलतो, आणि मग पहिला गप्प होतो. आवाज कुठं तुटता कामा नये.

बेबेनं मला जवळ बोलावलं. "माझ्या पाठात एक बारी तुझी."

"मला कोण बसू देईल?"

"जगरूपला विचार. मी सांगितलंय म्हणून सांग."

मी विचारलं. तो अंगणात मंडपवाल्याशी बोलत होता. लहानपणी मीच त्याला कडेवर घेऊन फिरवला होता, पण आता मी त्याला सरदारजी म्हणायचे.

"चाची," तो म्हणाला, "बाहेरचे चार पाठी ठरलेत. तू बसून ऐक. ऐकण्याचं पुण्यही तेवढंच असतं."

"बेबेची इच्छा आहे, सरदारजी."

"बेबेला आता काय कळतंय?"

बेबेला सगळं कळत होतं. पण मी पाटी उचलली आणि गोठ्याकडं गेले. काम माझं त्याच्याच गोठ्यात होतं.

रविवारी सकाळी दहाला पाठ सुरू झाला. त्या दोन दिवसांसाठी मी शेणाचं काम जावेवर टाकलं होतं. पहाटे डोक्यावरून न्हाऊन, चरनोच्या लग्नातला पांढरा सलवार-सूट घालून दाराशी, चपलांजवळ बसले. बेबेची बाज शेजारच्या खोलीत होती, मधलं दार उघडं. तिथून तिला ऐकू जात होतं.

सोमवारी धुकं इतकं दाट पडलं की समोरची भिंत दिसेना. रात्री वाचून दोन पाठी शेजारच्या गावी झोपायला गेले होते, ते तिकडंच अडकले. तिसऱ्याचं पोट सकाळच्या सागानं, मोहरीच्या पाल्याच्या भाजीनं, बिघडलं, तो शेतातच जाऊन बसला. चौथा भाई सुच्चा सिंग. त्याची बारी दोन तासांची, पण तो पावणेचार तास वाचत होता. आमच्या गावचा ग्रंथी, गुरुद्वाऱ्यात रोज पाठ करणारा, एका लग्नाला गेलेला. बारा वाजले तसा सुच्चा सिंगचा आवाज फाटायला लागला. एका हातानं तो खूण करायचा, कुणीतरी या, आणि डोळे पानावर.

जगरूप दारात उभा होता. त्यानं मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, "डॅडी, मी एवढं भरभर नाही वाचू शकत." खोलीत वीसेक माणसं होती. सगळी डोकं झाकून, हात जोडून बसलेली, आणि कुणाचीही नजर वर नाही.

आतून बेबेची काठी बाजेवर वाजली. "जगरूप. आवाज बसतोय त्याचा. तेजोला बसव."

"बेबे, येतीलच एवढ्यात."

"धुक्याला विचारलंस का?"

जगरूपची बायको माझ्याजवळ आली. "हात धुतलेत ना?"

"न्हाऊन आलेय, सरदारनी."

"तरी पुन्हा धू."

मी पुन्हा धुतले. ती पाणी ओतत होती, हात लांब ठेवून. मग मी आत गेले, माथा टेकला आणि सुच्चा सिंगच्या शेजारी बसले. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, बोट मात्र ओळीवर ठेवलं. मी ती ओळ उचलली. दोघांचा आवाज दोन ओळी बरोबर चालला, मग त्याचा थांबला.

मी दीड तास वाचलं. मी हळू वाचते. जिथं पाठी तासाला तीस पानं घेतात तिथं माझी अठरा झाली. पण एकही ओळ सुटली नाही. एकदा शब्द अडला तेव्हा आतून काठी वाजली, मी तो सुधारला आणि पुढं गेले. समोरच्या माणसांतली काही हळूहळू उठून गेली. कामं असतील. काही नवीनही आली, दारात उभी राहून बघून गेली.

दीड वाजून गेल्यावर अडकलेले दोघे पोहोचले. एकानं माझ्या शेजारी बसून ओळ उचलली. मी उठले. बेबेच्या खोलीत गेले तर ती डोळे मिटून पडली होती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"जीभ अजून जड आहे," ती म्हणाली आणि माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

मंगळवारी समाप्ती झाली, दहाच्या जागी अकराला. प्रसाद वाटला, लोक जेवून गेले. मग जगरूप बेबेच्या खोलीत आला. मी तिचे पाय चेपत होते. तो मला उठायला म्हणाला, बेबे म्हणाली, "बस."

"बेबे," तो म्हणाला, "पाठ खंडित झाला. उद्यापासून नवा ठेवतोय."

"कुठं खंडित झाला? मी ऐकत होते."

"वेळ चुकली. तासभर उशीर झाला. आणि उच्चार अशुद्ध होते, पाठीसुद्धा म्हणत होते."

"तिचे उच्चार माझे आहेत. अशुद्ध असतील तर तुझ्या बापानं चाळीस वर्षं अशुद्धच ऐकलं."

"लोक बोलतात, बेबे."

"कुठले लोक? एकाचं नाव घे."

तो दाराची कडी हलवत राहिला. जातीचा शब्द काढला नाही. त्या घरात तो शब्द कुणी काढतच नसे.

"मी बेबेच्या शब्दाखातर बसले होते, सरदारजी," मी म्हणाले. "परत बसणार नाही. पण खंडित झाला म्हणू नका."

"तू मधे पडू नकोस, चाची. तुझ्यावर कुणाचा राग नाही."

"तुला ठेवायचा तर ठेव," बेबे त्याला म्हणाली. "माझा पाठ झाला. माझी बाज बाहेर घे."

बुधवारी दहाला दुसरा पाठ बसला. या वेळी पाठी सात आणले, सगळे घरातच झोपायला ठेवले. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीही नव्या होत्या. बेबेची बाज अंगणात, गोठ्याच्या भिंतीपाशी उन्हात लावली होती. जगरूप दोनदा तिला आत न्यायला आला. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

शेणाचं काम मी परत घेतलं होतं. ते झालं की हात-पाय धुऊन बेबेजवळ जमिनीवर बसायचे आणि तिची छोटी पोथी वाचायचे. आतून पाठींचा भरभर आवाज येत होता, बाहेर माझा हळू. एक पाठी बाहेर येऊन म्हणाला, "बीबी, आवाज लहान ठेव, आमचं लक्ष जातं." बेबे म्हणाली, "मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू येतं." तिला कमी ऐकू येत नव्हतं.

गुरुवारी ती जेवली नाही. दुपारी दोन घोट पाणी घेतलं, ते मी पाजलं. मी वाचत होते. काठी तिच्या हातात होती, पण दोनदा मी चुकले तरी ती वाजली नाही.

बिशन कौर, वय वर्षं ब्याऐंशी, नऊ माघला, गुरुवारी, दुपारी चार वाजता अंगणात वारली. आतल्या पाठाची पाचशेहून जास्त पानं तेव्हा वाचायची राहिली होती.