पोत्याची वावटळ

मित्रांनो, मी एक जुनी वावटळ आहे. खरी नव्हे, पोत्याची. फाल्गुन लागला की मांडवगण फराट्याजवळच्या आमच्या वस्तीशाळेच्या मैदानात दुपारी धुळीची वावटळ उठते. सामन्याला इतर शाळांच्या खेळाडूंपुढे वाघ-सिंहाचं सोंग घेतलेली मुलं नाचतात. आमच्या मुलांनी वावटळ मागितली. खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाईंनी तांदळाची रिकामी पोती दाभणाने शिवली, खाली लुगड्याच्या चिंध्या लावल्या आणि माझा जन्म झाला.

आमच्या शाळेतली अक्षदा मला अंगात घालून गरगर फिरायची. वावटळीत भूत असतं, चप्पल फेकली की ते पळतं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून मुलं "मार, मार!" करत माझ्यावर चपला फेकायची. जितक्या चपला, तितका माझा मान!

मग शिक्रापूरच्या एका कारखान्याने शाळेला हवेने फुगणारा ढग भेट दिला. पांढराशुभ्र, गुलाबी गालांचा, पोटात पंखा. सतीश गुरुजी म्हणाले, "आता कसं शाळेला शोभतंय!" मला तांदळाच्या खोलीत खिळ्याला टांगलं. खिडकीतून सगळं दिसे. ढगाला चप्पल मारायची नाही, फक्त कुरवाळायचं. अक्षदानेसुद्धा त्याच्या गालाला गाल लावला. माझा नुसता जळफळाट झाला. एखादी बाभळीची काटकी उडत यावी आणि त्याच्या पोटात घुसावी, असं मी रोज मनात म्हणे.

यंदा खुटबावला खो-खोचे सामने होते. गुरुजींनी मला खाली काढलं, तेव्हा मी हरखून गेले. पण ते म्हणाले, "हे पोतं घ्या रे बरोबर. ढगाखाली अंथरू, काटे टोचतील त्याला."

पोतं! माझं नावसुद्धा उरलं नव्हतं.

मैदानात तो फुगून उभा राहिला आणि मी त्याच्या बुडाखाली. तेवढ्यात मुलांची खिचडी घेऊन कस्तुराबाई आल्या.

"गुरुजी, माझी वावटळ मातीत का?"

"कस्तुराबाई, जुनं पोतं हाय ते."

"पोतं आसंल तुमचं. म्या वावटळ शिवलीया." त्यांनी मला खस्सकन ओढलं. ढग तोंडावर आपटला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

अक्षदा धावत आली. "मावशी, मी घालू?"

"गुडघं उघडं पडत्याल तुझं. केवढी वाढलीस, उसावानी!"

"मग तुम्हीच घाला की!"

"व्हय की, मला काय धाड भरलीया?"

पदर खोचून कस्तुराबाई माझ्यात शिरल्या. साठी ओलांडलेल्या त्या बाई अशा फिरल्या, की माझ्या चिंध्या डोक्यावर गेल्या. पहिली चप्पल आली ती मोठी होती, गुरुजींची. मग समोरच्या शाळेच्या पोरांनीही आपल्या काढल्या.

सामना आम्ही हरलो. परतताना पिकअपमध्ये ढग घडी होऊन माझ्या शेजारी पडला होता. मुलांनी धूळ आधी त्याचीच पुसली. तेही मला खुपलंच.

मित्रांनो, नवं आलं की जरूर कुरवाळा. माझा हेवा काही तुम्ही सांगून जायचा नाही. पण जुन्याला अधूनमधून ऊन दाखवा, उसवलं तर टाका घाला, आणि हाक मारायची ती त्याच्या नावाने मारा. तुम्ही पोतं म्हणालात, की मी खरंच पोतं होते.