तारेनं बांधलेली वाटी

मी गुडघ्याची वाटी बोलतेय. हसू नका. स्वयंपाकघरातली नव्हे, पाय सैल सोडून गुडघ्यावर हात ठेवा, तिथं हलतं ना, ती मी. आज मी घाबरलेय, आणि हे सांगायची मला लाज नाही.

जन्मले तेव्हा मी हाड नव्हतेच, मऊ कूर्चा होते. मालकीण रांगून, पडून चार वर्षांची झाली, तेव्हा कुठे मला हाडपण येऊ लागलं. पुढे तिनं पन्नास वर्षं शिलाईचं पायमशीन चालवलं. मी कुरकुरले, पण अडून बसले नाही.

हाडांना वाटतं, आपणच चालतो. साफ खोटं! हाड स्वतःहून तसूभर हलत नाही. आम्हाला ओढतो तो स्नायू. त्यालाही फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून जोडी लागते. मांडीच्या पुढचा दांडगोबा माझ्यावरून नडगी ओढतो, पाय सरळ होतो. मागचा ओढतो, पाय दुमडतो. एकानं ओढलं की दुसऱ्यानं ढील द्यायची, एवढाच आमचा संसार.

दोन महिन्यांपूर्वी मालकीण जिन्यावर घसरली. तोल सावरायला दांडगोब्यानं असा हिसका दिला, की माझेच दोन तुकडे झाले. वाचवायला गेला आणि मला फोडून बसला! डॉक्टरांनी मला तारेनं बांधलं, वर प्लास्टर चढवलं. गेल्या सोमवारी ते काढताना म्हणाले, "आठवड्यात टाच आपणहून उचलली नाही, तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल."

आज सातवा दिवस.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. "हं आजी, टाच उचला."

"उचलतेच आहे की!"

"कुठं? चादरसुद्धा हलली नाही," सून म्हणाली.

"तुझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. टाच आहे ही!"

मी तारेत थरथरत होते. प्लास्टरमध्ये बसून बसून दांडगोब्याचं चिपाड झालेलं. तो ओढेल की नाही ही एक भीती. ओढलंच तर तार तुटेल ही दुसरी. मालकीणही घाबरलेली. तिनं पुढचा आवळला, मागचाही आवळला. दोघांनी दोन बाजूंनी ओढल्यावर हलणार काय, कपाळ?

बाईंनी मांडीखाली हात घालून चाचपलं. "आजी, इथं दगड झालाय नुसता. उचलायचं विसरा. आधी हे सैल सोडा."

"सोडलं आणि तुटलं तर?"

"माझा हात आहे खाली."

मालकिणीनं डोळे मिटले आणि सुनेचं मनगट घट्ट धरलं. सुनेनं मोकळा हात टाचेपाशी नेला. मागचा हळूहळू सुटला. मग पुढून एक ओढ आली, दुबळी, चोरपावलांची. तार ताणली. फुटले मी, असंच वाटलं.

"अहो, माझा हात जातोय!" सून ओरडली. "टाचेखालून माझा हात जातोय!"

टाच चार बोटं वर होती.

"उद्या दहा वेळा," असं सांगून बाई गेल्या. दहा! तार अजून अंगात आहे, आणि भीतीही. पण मला जपायचं म्हणून कुणी मला बसवून ठेवू नका. ज्याच्या ओढीनं मी फुटले, त्याच्याच ओढीनं मला जिना चढायचाय.

दांडगोबा, ऐकतोस ना? ओढ बाबा. जरा बेतानं ओढ.