पाटी नव्हती

"आता तिसऱ्यांदा नाकारायचं," फादर माझ्या कानाशी कुजबुजले. "बोला ना!"

गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा वाटून घेऊन वाचतात. फादर ख्रिस्त होतात, गाणारी मंडळी ओरडणारा जमाव होतात आणि पेत्र, म्हणजे ख्रिस्ताला 'मी ओळखत नाही' असं तीनदा म्हणून मग रडणारा शिष्य, मात्र कित्येक वर्षं मीच. का, तर माझा आवाज दणदणीत. जन्मभर पंपाशेजारी ओरडून बोललेला मेकॅनिक मी, दुसरं काय होणार!

ख्रिस्ताला दोनदा नाकारून झालं होतं. मान वर केली तर तिसऱ्या बाकावर दादा. पंपघरातले माझे सीनियर. एरवी ते मागे, दाराशी बसायचे. हल्ली ऐकू कमी येतं म्हणून वहिनींनी त्यांना पुढे आणलं होतं. ते माझ्याकडे बघून हसले, आणि माझी वाचाच बसली.

पंपघरातला नियम साधा. पंपात कोणाचा हात असेल, तर बटणावर 'काम चालू आहे' अशी पाटी लटकवायची. बऱ्याच वर्षांपूर्वी, त्या अपघाताच्या दिवशी, ती मी लटकवायची होती. विसरलो. दादांनी बटण दाबलं आणि आत काम करणाऱ्या फिटरची दोन बोटं गेली. त्या आरडाओरड्यात, देवा रे, मी काय केलं असेल? पाटी गुपचूप नेऊन लटकवली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पाटी होती का?"

माझी बायको तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दादांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "होती," ते म्हणाले. "माझंच लक्ष गेलं नाही."

त्यांची नोकरी गेली. मला बढती मिळाली. ख्रिस्ताने आपल्या सगळ्यांचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं, हे इथे शंभरदा ऐकलं असेल मी. आणि दरवर्षी पेत्राचं रडणं इतकं छान वाचायचो, की बायका डोळे पुसायच्या. निर्लज्जपणाची हद्द झाली!

"अहो, ओळ सापडत नाही का?" फादर.

"सापडते, फादर. म्हणवत नाही." मी पुस्तक मिटलं. माइक चालूच होता. "दादा, पाटी नव्हती. मी मागाहून लावली. चूक माझी, भोगलंत तुम्ही."

वहिनी ताडकन उठल्या.

"घरात मी यांना आंधळे म्हणत आले! इतकी वर्षं!" त्यांचा आवाज फाटला. "आणि भावजी, तुम्ही आमच्याकडे येऊन जेवून जायचात. पोटभर जेवायचात!"

पदराने तोंड दाबून त्या बाहेर गेल्या. खोटं काय बोलल्या त्या? आगीत उभं केल्यासारखं झालं मला.

फादरांनी पुस्तक घेतलं आणि पेत्राचं वाक्य स्वतःच वाचलं. जमावाला ओरडायचं आठवलं. वाचन पुढे सरकलं. मी पायऱ्या उतरून दाराकडे निघालो.

तिसऱ्या बाकाशी कोणीतरी माझी बाही धरली. दादा. त्यांनी बाकावर राहिलेली वहिनींची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडे आत सरकले.