कावळा शिवला नाही तर पैसे परत

बाळासोने आयुष्यात दहा धंदे काढले आणि दहाही बुडवले. अकराव्याची फाईल तयार होती, तेवढ्यात तो स्वतःच गेला. त्याच्या धंद्यांत डोकं नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. लग्नात आलेले टॉवेल लोक दुसऱ्याच्या लग्नात खपवतात हे पाहून त्याने देणाऱ्याचं नाव विणलेले टॉवेल काढले होते. पण जो पुढे खपवता येत नाही तो टॉवेल विकत कोण घेणार? मग त्याने उन्हावर पाणी तापवायच्या टाक्या विकायला घेतल्या, त्याही एप्रिलात, जेव्हा सोलापुरात नळालाच कढत पाणी येतं.

प्रत्येक धंद्याच्या भांडवलासाठी तो आधी यायचा धाकट्या भावाकडे, मार्तंडकडे. मार्तंड होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होता. चौतीस वर्षं त्याने गाड्या ठरल्या रुळावर घातल्या आणि स्वतःही ठरल्या रुळावरून हलला नाही. बाळासो बरोबर दुपारी एकला यायचा, म्हणजे जेवणही उरकायचं, आणि दारावर किल्लीने दोनदा वाजवायचा. टक, टक.

शेवटचा आला तो मार्गशीर्षात. मार्तंड नुकताच रिटायर झाला होता, फंड हातात आला होता आणि ही बातमी बाळासोपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? टक, टक ऐकल्याबरोबर मार्तंड ताटावरून उठला आणि मोरीत जाऊन उभा राहिला. त्याची बायको म्हाळसाबाई दारात गेली.

"भाऊजी, हे न्हाईत की घरात. वैरागला गेलेत."

बाहेर किल्ली खिशात टाकल्याचा आवाज आला. मग बाळासो म्हणाला, "बरं. आला की सांगा, आण्णा येऊन गेला म्हणून."

त्यानंतर नवव्या दिवशी तो झोपेतच गेला. तेव्हापासून मार्तंडला एकच गोष्ट खात होती. आण्णाला कळलं होतं का?

दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. समोरच्या लिंबावर एकच कावळा बसला होता, तो ढिम्म हलेना. शेंगापोळी ठेवली, चहाचा कप ठेवला, तंबाखूची पुडी सोडून ठेवली. बाळासोची काहीतरी इच्छा अडकली असणार, म्हणून एकेकजण पुढे होऊन शब्द द्यायला लागला. पोराने सांगितलं, आईला सांभाळीन. जावयाने सांगितलं, दारू सोडीन. हे ऐकून कावळ्याने तोंडच फिरवलं.

ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, आणि ते पाहून मार्तंडला राहवेना. कारण आण्णाचा अकरावा धंदा नेमका हाच होता. शहरात कावळे कमी झालेत, लोक पिंड मांडून ताटकळतात, तर माणसाळवलेला कावळा भाड्याने द्यायचा. "दर्भाचा कावळा म्हंजे डुप्लिकेट माल," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

मार्तंडने पुढे होऊन हात जोडले. "आण्णा, तुझा कावळ्याचा धंदा मी काढतो."

शब्द तोंडातून पडायचा अवकाश, कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. जाताना शेंगापोळीही नेली. "सुटला, सुटला," सगळे म्हणाले आणि घाईघाईने चपला शोधायला लागले. बाळासो सुटला असेल, पण मार्तंड अडकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तो जेवायला बसला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाजलं. टक, टक.

गजावर कावळा बसला होता. म्हाळसाबाईने भाकरीचा तुकडा टाकला, त्याकडे त्याने पाहिलंही नाही. तो मान वाकडी करून मार्तंडकडे बघत राहिला. भांडवलाचं विचारून झालं की आण्णा असाच बघत बसायचा. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. हाकलायला मार्तंडचा हात उठेना. मोठ्या भावावर हात उगारल्यासारखं वाटायचं. भर दुपारी, लख्ख उजेडात, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असताना त्याच्या पाठीतून थंडी जायची. एकदा म्हाळसाबाई वैतागून खिडकीशी गेली आणि ओरडली, "न्हाईत हे घरात!" मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडावर पदर धरून खाली बसली.

आठव्या दिवशी मार्तंडने वहिनीकडून बाळासोची फाईल आणली आणि सकाळीच बँक गाठली. कर्जाच्या टेबलावर आफरीन मॅडम होत्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या.

"काका, धंदा कसला?"

"कावळ्याचा. पिंडाला शिवायचं काम."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तारण काय देणार?"

"कावळा हाय की."

"तो उडून गेला तर?"

"लांब जात न्हाय. दुपारी एकला येतोच."

मॅडमना हसू फुटणार होतं, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "बरं, शिवल्यावर गेलेला माणूस समाधानी झाला, हे कसं कळणार?"

"कळत न्हाय, मॅडम," मार्तंड म्हणाला. "तीच तर अडचण हाय."

मॅडम फाईल चाळायला लागल्या. पहिल्या पानावर 'श्री खंडोबा प्रसन्न'. दुसऱ्यावर जाहिरात, मोठ्या अक्षरात: 'कावळा शिवला नाही तर पैसे परत'. "सगळं भांडवल बँक घालत नसते, काका. काही हिस्सा घरचा लागतो," असं म्हणत त्या शेवटच्या पानाशी आल्या आणि थांबल्या. तिथे ज्यांच्याकडे पैसे मागायचे त्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे बाळासोने शेरा लिहिला होता. जावयापुढे 'पिऊन होता'. शाळेतल्या एका मित्रापुढे 'हसला'.

"यात तुमचं नाव आहे," मॅडम म्हणाल्या आणि फाईल त्यांनी हळूच त्याच्याकडे वळवली.

नाव सगळ्यात वर होतं. मार्तंड. पुढे लिहिलं होतं: 'वैरागला गेला म्हणाली. चपला दारातच होत्या. ताट वाढलेलं, भाकर अर्धी. जेवणावरून उठवलं मी त्याला. परत मागायचं न्हाय.'

मार्तंडने ते दोनदा वाचलं. मग बँकेतल्या सगळ्या रांगेदेखत त्याला रडू कोसळलं. मॅडमनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काका, याला कर्ज नाही मिळायचं."

"नगं मिळू दे," मार्तंड डोळे पुसत म्हणाला. "सगळाच हिस्सा घरचा घालतो. फंड हाय माझा."

घरी पोचायला पाऊण वाजला. त्याने चपला नेहमीसारख्या दारात काढल्या आणि म्हाळसाबाईला दोन ताटं वाढायला सांगितली. तिने दुसरं कोणाचं ते विचारलं नाही. एक वाजला. खिडकीच्या गजावर आज कोणी नव्हतं. मार्तंडने भाकरी मोडली, आणि दारावर वाजलं, लाकडावर किल्ली वाजते तसं. टक, टक.

म्हाळसाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय सांगू?" तिने कुजबुजत विचारलं.

मार्तंड तोवर उठलाही होता. "हाय, आण्णा, मी घरातच हाय," कडी काढायच्या आधीच तो ओरडला. "आत ये. जेवायलाच बसलोय."