मिररिंग रद्द केल्यावर

ज्योत्स्ना पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मदतीची पानं लिहायची आणि ते काम नवीन जालन्यातल्या भाड्याच्या घरात बसून करायची. कंपनीचं सॉफ्टवेअर एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक मशिनं चालवायचं. ती मशिनं हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्यासारखंच करतात. ती कशी हाताळायची हे मराठीत सांगणारी सगळी पानं तिच्या हातची होती. तिचे बाबा, साहेबराव, केदारखेड्याच्या शाळेतून निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले होते. भेटेल त्याला ते कौतुकानं सांगायचे की आमची ज्योत्स्ना लिहिते आणि ते वाचून लोक यंत्र चालवतात.

ही पानं मन लावून वाचणारा एक माणूस गावातच होता. आदिनाथ मूळचा वडीगोद्रीचा. स्टेशनकडच्या एका बियाणे कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा. वयानं ज्योत्स्नापेक्षा बराच मोठा, तरी तिला ताई म्हणायचा. काही नवीन करायचं असलं की आधी तिचं पान उघडायचा आणि झाल्यावर आवर्जून फोन करायचा, "ताई, तुम्ही लिहिल्यापरमाणं केलं, बराबर झालं." त्या फोननं तिचा दिवस चांगला जायचा.

रब्बीचं बियाणं बाजारात जायच्या तोंडावर बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेच्या मशीनची डिस्क कुरकुर करायला लागली. कोणत्या वाणाचं बी किती उगवलं याच्या साऱ्या नोंदी त्या मशीनवर होत्या आणि काम थांबवणं परवडणारं नव्हतं. अशा वेळी मिररिंग करतात. मशीन चालू ठेवूनच जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवत न्यायची. दोन्ही एकसारख्या झाल्या की पुढचं प्रत्येक अक्षर दोन्हीकडे एकदमच लिहिलं जातं, आणि मग सवडीनं नव्या डिस्कवर जाता येतं. आदिनाथनं सकाळी मिररिंग सुरू केलं. त्या कामानं मशीन मंदावलं. प्रयोगशाळेतल्या बाया तक्रार करायला लागल्या, व्यवस्थापक काकासाहेब दोनदा येऊन विचारून गेले. आदिनाथनं ज्योत्स्नाचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, 'मिररिंग रद्द केल्यास काम थांबते आणि नव्या डिस्कवर त्या क्षणापर्यंतची प्रत राहते.'

त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि रद्दचं बटण दाबलं. आजच्या या घडीपर्यंतचं सगळं नव्या डिस्कवर आलंय, असंच त्या शब्दांवरून कुणालाही वाटलं असतं. त्यानं मशीन बंद करून नव्या डिस्कवर चालू केलं. ते चालूही झालं, कारण सुरुवातीचा भाग तेवढा उतरलेला होता. खात्री पटल्यावर त्यानं जुनी डिस्क पुसून टाकली. पुढच्या आठवड्यात कुणीतरी हंगामाच्या नोंदी उघडायला गेलं तर तिथं काहीच नव्हतं. प्रत अर्धीच होती. वेगळी ठेवलेली नक्कल हंगामाच्या आधीची निघाली.

तक्रार पुण्याला गेली. ज्योत्स्नाचा वरिष्ठ सुमित यानं तिला फोन करून एवढंच विचारलं की पानात काही चूक आहे का, ग्राहकाला आज उत्तर द्यायचंय.

तिनं पान उघडलं आणि रद्द करण्याबद्दलचं वाक्य वाचलं. ते छापायच्या आधी तिची सहकारी प्रीती हिनं नेमकं हेच विचारलं होतं, की दोन्ही डिस्क सारख्या व्हायच्या आत रद्द केलं तर काय होतं, ते यात कुठं आहे? ज्योत्स्नाला त्या दिवशी काम उरकायचं होतं. ते उघडच आहे, असं म्हणून तिनं विषय मिटवला होता. सुमित फोनवर वाट बघत होता. ती म्हणाली, "पानात चूक नाही. स्थिती न बघता रद्द केलंय त्यांनी." यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणं सोपं गेलं.

तेच उत्तर बियाणे कंपनीला गेलं. आदिनाथकडून सर्व्हर काढून घेतला आणि त्याला गोदामात पोत्यांना लेबलं लावायच्या कामावर पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आदिनाथ तिच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. साहेबरावांनी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, माफी मागाया आल्तो. माझ्या घाईपायी तुमच्या कामाला बट्टा लागला. साहेब लोक म्हणून राह्यले, पानच बेकार हाय. मी सांगितलं, पान बिलकुल बराबर हाय, मलाच वाचता आलं न्हाई."

ज्योत्स्ना खरं काय ते सांगणार होती. तेवढ्यात साहेबराव बोलले. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस, त्यांनी त्याला प्रेमानंच समजावलं, की वाचताना घाई करू नये, एकेक शब्दावर थांबावं, समजलं नाही तर पुन्हा वाचावं. आदिनाथ मान हलवत राहिला. चाळिशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा हो सर, हो सर म्हणत होता. आता मध्येच बोललं तर बाबांचा पाणउतारा होईल, अशी स्वतःची समजूत घालत ज्योत्स्ना उठली आणि चहा ठेवायला आत गेली. गॅसपाशी उभं राहून तिनं चहा गरजेपेक्षा जास्त उकळू दिला. बाहेर आली तेव्हा बोलण्याची वेळ टळलेली होती. जाताना आदिनाथनं तिच्यापुढं पुन्हा हात जोडले, आणि तिनंही जोडले.

त्या दिवसापासून तिला कामच सुचेना. कुठलंही पान लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्यापाशी आदिनाथ खुर्चीच्या कडेवर बसलेला दिसायचा. पेढ्यांचा पुडा तिनं उघडलाच नाही. बाबांनी शेजारी वाटून टाकला. शेवटी काहीतरी निमित्त काढून ती बियाणे कंपनीत गेली. नुकसान कितपत झालंय ते तरी बघावं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

प्रयोगशाळेत नंदाबाई आणि इतर बाया नव्यानं तपासणी करत होत्या. प्रत्येक वाणाचा राखून ठेवलेला नमुना काढायचा, बिया मोजून ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबेत ठेवायची आणि कोंब येण्याची वाट बघायची. हंगामभर केलेलं सगळं पुन्हा करायचं होतं. नंदाबाईंनी तिला ओळखलं नाही. बोटांची सालं निघालीत पाण्यानं, असं हसून दाखवत त्या म्हणाल्या, "आदिनाथभाऊची चूक झाली, पर मानूस वाईट न्हाई. सुट्टीच्या दिशी येऊन आमच्यासंगं बिया मांडू लागतो."

ज्योत्स्ना तिथून थेट काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि आदिनाथला बोलावून घ्या म्हणाली. तो आला, अंगावर पोत्यांची धूळ. तिनं उभ्यानंच सांगितलं. पान अपुरं होतं. रद्द या एका शब्दाचे दोन अर्थ होतात आणि तिनं एकच लिहिला होता. दुसरा राहिलाय हे तिला आधी सांगितलं गेलं होतं, तरी तिनं ऐकलं नव्हतं. कंपनीनं पाठवलेलं उत्तरही तिनंच सुचवलं होतं. तिनं काही वगळलं नाही.

काकासाहेब म्हणाले की हे लेखी हवं, पुण्याच्या कंपनीकडून. ती हो म्हणाली.

आदिनाथ तिच्याकडे वळला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "ताई, मी तुमच्या घरी आल्तो. तव्हा तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

"मंग सरांनी मला शिकवलं, ते तुम्ही ऐकत होत्या."

तिनं त्यालाही हो म्हटलं. तो म्हणाला, "तव्हाच म्हनायचं होतं." आणि गोदामाकडे निघून गेला.

संध्याकाळी तिनं सुमितला फोन करून सगळं सांगितलं. तो वैतागला, ग्राहकासमोर असं बोलायच्या आधी विचारायला हवं होतं म्हणाला. तरी लेखी उत्तर त्यानं पाठवलं. बाबांना सांगणं त्याहून अवघड गेलं. साहेबराव पेपर वाचत होते. ऐकता ऐकता त्यांनी तो मिटून मांडीवर ठेवला आणि चष्मा काढला.

"तू आत चहा करत होतीस," ते म्हणाले, "आणि मी त्याला वाचायला शिकवत होतो."

त्यानंतर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ऑटोनं एकटेच बियाणे कंपनीत गेले. तिथं काय बोलणं झालं हे त्यांनी तिला सांगितलं नाही आणि तिला विचारायचा धीर झाला नाही.

ज्योत्स्नानं ते पान पुन्हा लिहिलं. आता त्यात होतं, 'दोन्ही डिस्क सारख्या झाल्याचा संदेश येण्याआधी रद्द केल्यास नव्या डिस्कवरची प्रत अर्धवट असते; ती वापरू नका. संदेश आल्यानंतर रद्द केल्यास नव्या डिस्कवर त्या क्षणाची पूर्ण प्रत राहते, मात्र मशीन जुन्याच डिस्कवर चालत राहते. नव्या प्रतीवरून मशीन सुरू झाले म्हणजे प्रत पूर्ण आहे, असे समजू नका.' शेवटचं वाक्य कुणीच मागितलं नव्हतं. छापायच्या आधी तिनं ते प्रीतीला वाचून दाखवलं आणि कुठं अडतंय ते सांग म्हणाली. प्रीतीनं दोन ठिकाणी अडवलं. ज्योत्स्नानं दोन्ही दुरुस्त केली.

महिन्याभरानं आदिनाथला सर्व्हर परत मिळाला. ही बातमी तिला सुमितकडून कळली. बियाणे कंपनीत काही अडलं की आदिनाथ आता सरळ पुण्याला फोन करतो, सुमितशी बोलतो. पानं अजून वाचतो, असं सुमित सांगतो. स्टेशनच्या रस्त्यावर तो कधीमधी मोटारसायकलवरून जाताना दिसतो. साहेबराव बरोबर असले तर गाडी थांबवून त्यांना नमस्कार करतो, तब्येत विचारतो. ज्योत्स्ना एकटी असली की मान हलवतो आणि पुढं जातो.